कोरड्या तलावात सागरी पुरातत्त्वाची तयारी: विदर्भातल्या गावातून सुरुवात कशी करावी

सागरी पुरातत्त्व, म्हणजे पाण्याखाली गेलेल्या जहाजांचा आणि वस्तूंचा अभ्यास, शिकायचे ठरवले म्हणून पहिला खर्च स्कुबाच्या कोर्सवर करू नका. पाण्याखाली एका डुबकीत साधारण अर्धा-पाऊण तास हाती लागतो. त्यातला बहुतेक वेळ टेप धरण्यात, आकडा वाचण्यात, पाटीवर लिहिण्यात आणि चित्र काढण्यात जातो. तिथे बोलता येत नाही, पलीकडचा साथीदार दिसेलच असे नाही, आणि चुकलेला आकडा वर आल्यावरच कळतो. जमिनीवर दोन टेपांनी एक बिंदू अचूक बसवता येत नसेल, तर पाण्याखाली तो बसणार नाही. मोजणी, रेखाटन, नोंद आणि ओल्या वस्तूची निगा ही चारही कामे विदर्भातल्या खेड्यात राहून पक्की करता येतात. डायव्हिंग त्यानंतर शिकावे.

सरावाची जागा गावातच असते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, एप्रिल-मेमध्ये आटतात आणि तळ, पाळीचा आतला उतार, तुडुमाचे, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराचे, दगड उघडे पडतात. युनेस्कोच्या २००१ च्या करारातली व्याख्या इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. किमान १०० वर्षे अंशतः किंवा पूर्णतः, सतत किंवा अधूनमधून पाण्याखाली राहिलेल्या मानवी खुणा तीत येतात. ‘अधूनमधून’ हा शब्द आपल्या तलावांना चपखल बसतो. पश्चिमेकडे पूर्णेकाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या भोनसारखे प्राचीन स्थळ धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. त्यामुळे पाण्याखाली जाणाऱ्या वारशाची नोंद करता येणे ही विदर्भाची स्वतःची गरज आहे.

परवानगी आणि गुप्तधनाची अफवा

तलाव ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाचा की जलसंपदा विभागाचा, हे आधी तलाठी कार्यालयात विचारा आणि त्या कार्यालयाला लेखी अर्ज द्या. मासेमारीचा ठेका असलेल्या ढिवर बांधवांच्या संस्थेला तारीख सांगा. तळाशी गाळपेर केलेली असेल तर त्या तुकड्यात पाय ठेवू नका.

सरपंच आणि पोलीस पाटील यांनाही भेटून सांगा. तलावात दोऱ्या बांधून चार माणसे वाकून काही पाहत आहेत, एवढे दृश्य ‘गुप्तधन काढतात’ ही अफवा पसरायला पुरते. मग रात्री दुसरेच कोणी सब्बल घेऊन येते आणि जी जागा वाचवायची तीच खणली जाते. कामाच्या ठिकाणी नेहमी एक फलक लावा: ‘मोजणीचा सराव. खोदकाम नाही.’

तो फलक शब्दशः खरा असला पाहिजे. संरक्षित स्थळी उत्खननाला १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली परवाना लागतो आणि तो हौशी गटाला मिळत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. जुनी वस्तू दिसली तर उचलू नका. जागेवरच पट्टी ठेवून फोटो घ्या, जागा मोजा, कळवा.

सराव खऱ्या अवशेषांवर करण्याऐवजी खोटे ‘जहाज’ मांडून करावा. तळाच्या कडक भागात किंवा पीक निघालेल्या वावरात १० × ६ मीटरच्या जागेत बैलगाडीचे चाक, फुटका माठ, जाते, दोन-तीन फळ्या, लोखंडी वखराची पास अशा २० ते २५ वस्तू पसरा. काही अर्ध्या मातीत दाबा. मांडणारा आणि मोजणारा गट वेगळा ठेवा. मांडणाऱ्यांनी खऱ्या जागा एका कागदावर लिहून बंद कराव्यात, म्हणजे शेवटी चूक किती झाली ते आकड्यात कळते.

मे महिन्यात काम सकाळी सहा ते साडेनऊ एवढेच. वरून भेगाळलेला गाळ कडक वाटतो, पण खाली गुडघाभर चिखल असू शकतो. पुढे बांबू टोचत चाला आणि एकट्याने आत जाऊ नका.

साहित्य

आठ जणांच्या गटाला हे पुरते: ३० मीटरचे फायबरचे दोन टेप, ५ मीटरचा एक स्टीलचा टेप, ओळंबा, गवंड्याचा लेव्हल पाइप, १०० मीटर नायलॉन दोरी, २० लोखंडी खुंट्या, होकायंत्र, काळे-पांढरे पट्टे रंगवलेली २० सेंटिमीटरची आणि १ मीटरची मोजपट्टी. कापडी टेप घेऊ नका, तो भिजला की आकसतो आणि ओढला की ताणतो. टेपचे टोक तुटलेले नाही ना, शून्य नेमके कुठे आहे, कडीच्या बाहेर की कडीनंतर, हे दोन्ही टेपांवर तपासा. एका टेपचे शून्य कडीच्या टोकाला आणि दुसऱ्याचे आत असेल तर नकाशाभर चार-पाच सेंटिमीटरची चूक सारखी येत राहते आणि कारण सापडत नाही.

पाण्यात लिहायची पाटी घरी बनते. पांढऱ्या पीव्हीसी शीटचा ए-४ आकाराचा तुकडा घ्या, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओला घासून चकाकी काढा. एचबी पेन्सिल त्यावर पाण्यातही उमटते. पेन्सिल दोरीने बांधा, दोन्ही बाजूंनी टोक काढा आणि एक जादा पेन्सिल ठेवा. नंतर वॉशिंग पावडरने पाटी स्वच्छ होते. म्हणूनच पुसण्याआधी तिचा फोटो काढायचा आणि आकडे त्याच दिवशी वहीत उतरवायचे.

रेखाटनाच्या चौकटीसाठी २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो लागतात. आतले माप सर्व बाजूंनी नेमके १ मीटर यायला हवे आणि दोन्ही कर्ण सारखे, १४१.४ सेंटिमीटर. कर्ण जुळले नाहीत तर चौकट तिरकी आहे, ती वापरू नका. पाइपला जागोजागी भोके पाडा, नाहीतर पाण्यात ती तरंगते. दर २० सेंटिमीटरला दोरी ताणली की २५ घरे मिळतात. दोऱ्यांचा दुसरा थर ५ सेंटिमीटर खाली बांधा. वरची आणि खालची दोरी एकावर एक दिसली की तुमचा डोळा बरोबर वर आहे. एकच थर असला की माणूस तिरका पाहतो आणि वस्तू शेजारच्या घरात जाऊन बसते.

आधाररेषा आणि लंब

दोन खुंट्यांमध्ये १० मीटरचा टेप ताणा. ही आधाररेषा. ती अवशेषाच्या लांबीला साधारण समांतर आणि शेजारून जावी, त्याच्या अंगावरून नको. वस्तूपासून रेषेवर काटकोनात दुसरा टेप आणा आणि दोन आकडे लिहा: रेषेवरचे अंतर आणि रेषेपासूनचे अंतर. काटकोन डोळ्याने ठरवू नका. वस्तूवर टेपचे शून्य धरून दुसरे टोक रेषेवर हळूहळू फिरवा. जिथे सर्वांत कमी आकडा येतो तिथे काटकोन असतो. तपासायला ३-४-५ चा त्रिकोण वापरा, घराची आखणी करताना गवंडी वापरतात तोच.

ही पद्धत जवळच्या वस्तूंसाठीच आहे. कोन ५ अंशांनी चुकला तर १ मीटरवर वस्तू ९ सेंटिमीटर सरकते, ४ मीटरवर ३५ सेंटिमीटर. दोन मीटरपलीकडे लंब मोजू नका, पुढची पद्धत घ्या.

दोन टेपांची पद्धत: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

आधाररेषेच्या दोन्ही टोकांपासून, अ आणि ब पासून, वस्तूपर्यंतचे अंतर मोजायचे. घरी कागदावर कंपासने दोन कंस काढले की ते जिथे छेदतात तिथे वस्तू. हिशेबाने करायचे तर असे: अ-ब १० मीटर, अ पासून ६.०० आणि ब पासून ८.००. रेषेवरचे अंतर = (३६ − ६४ + १००) ÷ २० = ३.६० मीटर. रेषेपासूनचे अंतर म्हणजे ३६ वजा १२.९६ चे वर्गमूळ, ४.८० मीटर. हे उदाहरण गटातल्या प्रत्येकाने एकदा हाताने सोडवावे, मग मोबाइलवरच्या तक्त्यात सूत्र टाकावे.

आता हीच पद्धत कुठे फसते ते पाहा. वस्तू रेषेच्या अगदी जवळ आणि मध्यावर आहे, दोन्ही अंतरे ५.०२ मीटर. हिशेबाने ती रेषेपासून ४५ सेंटिमीटरवर येते. पण टेप फक्त १ सेंटिमीटर चुकला आणि दोन्ही आकडे ५.०१ लिहिले गेले, तर तीच वस्तू ३२ सेंटिमीटरवर जाते. एका सेंटिमीटरच्या चुकीने १३ सेंटिमीटर. कारण कंस एकमेकांना जवळजवळ चाटून जातात, छेदत नाहीत. वस्तूपाशी दोन टेपांमधला कोन ३० ते १२० अंशांच्या आत हवा, ९० च्या आसपास सर्वांत चांगला. तसा येत नसेल तर तिसरी खुंटी दुसरीकडे ठोका.

आणखी तीन चुका हमखास होतात. पहिली, टेप झोळतो. १० मीटरचा टेप वाऱ्याने किंवा प्रवाहाने मध्ये ३० सेंटिमीटर बाहेर फुगला की आकडा जवळपास अडीच सेंटिमीटर जास्त येतो. दुसरी, वाचणारा ४.६७ ला ४.७६ म्हणतो किंवा मीटरचाच आकडा चुकतो. तिसरी, वस्तू रेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते लिहायचे राहते आणि कंस तर दोन्हीकडे छेदतात. तिन्हींवर उपाय एकच, प्रत्येक वस्तू तिसऱ्या खुंटीपासूनही मोजा. तीन कंस एका बिंदूत आले नाहीत तर चूक आहे. कंसांमध्ये छोटी तिकोनी जागा उरली, दोन-तीन सेंटिमीटरची, तर चालते. दहा सेंटिमीटरची उरली तर परत जाऊन मोजायचे. आकडा ‘जुळवून’ घ्यायची सवय लागली तर ती पुढे सुटत नाही.

खऱ्या बुडालेल्या जहाजावर यालाच खोलीचा आकडा जोडतात आणि प्रत्येक बिंदू किमान चार ठरलेल्या खुंट्यांपासून मोजतात. तलावात खोलीच्या जागी लेव्हल पाइपने उंची घ्या. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी खोटी दाखवते, म्हणून आधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी समान दिसते का ते पाहा.

सरावाचा क्रम असा ठेवा: पहिला रविवार बोलून, दुसरा न बोलता फक्त हातांच्या खुणांनी, तिसरा एका जोडीदाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधून दोरीच्या झटक्यांनी. एक झटका म्हणजे काय, दोन म्हणजे काय, हे आधी लिहून ठरवा. तिसऱ्या रविवारी चुका एकदम वाढतात. गढूळ पाण्यातले काम नेमके तसेच असते.

शोध घेणे

गोल शोध शिकून घ्या. मध्यभागी खुंटी, तिला दोरी, दोरीवर दर मीटरला गाठ. एका गाठीवर धरून पूर्ण फेरी, मग पुढची गाठ. फेरी कुठे संपली ते कळायला सुरुवातीला जमिनीवर एक दोरी ठेवतात. दोन फेऱ्यांमधले अंतर दृश्यतेवर ठरवा. दोन्ही बाजूंना अर्धा मीटरच दिसत असेल तर गाठी ७५ सेंटिमीटरवर घ्या, म्हणजे फेऱ्या एकमेकींवर थोड्या चढतात. दोरी दगडात किंवा झुडपात अडकली की वर्तुळ लहान होते आणि शोधणाऱ्याला पत्ता लागत नाही. दोरी ताणलेली आहे का हे फेरीत चार वेळा तपासा. आणि काही सापडले नाही तरी कोणता भाग तपासला ते नकाशावर लिहा. रिकामी जागा हीही माहिती आहे.

डोंगा मोजायला शिका

नौकेची बांधणी समजल्याशिवाय बुडालेल्या नौकेचे तुकडे ओळखता येत नाहीत. वैनगंगेच्या, वर्धेच्या काठी किंवा मोठ्या तलावावर लाकडी डोंगा किंवा नाव अजून असेल तर मालकाची परवानगी घेऊन ती मोजा. नाव काठावर सरळ, पाचर लावून स्थिर करा. बाजूला जमिनीवर आधाररेषा घ्या आणि दर ५० सेंटिमीटरला आडवा छेद मोजा: वर एक सरळ बांबू आडवा ठेवून त्यावरून ओळंबा सोडा, दर १० सेंटिमीटरला आतल्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर लिहा. टोकांकडे आकार झपाट्याने बदलतो, तिथे छेद २५ सेंटिमीटरवर घ्या. फळ्यांची जाडी, सांधा, खिळ्यांमधले अंतर, डागडुजीचे ठिगळ, वल्ह्याने झिजलेली कड, सगळे नोंदवा. दुरुस्ती आणि झीज यांतूनच नौकेचे आयुष्य वाचता येते.

बनवणाऱ्याशी बसून बोला. ‘भाऊ, याला तुम्ही काय म्हणता?’ असे प्रत्येक भागाबद्दल विचारा आणि ते म्हणतील तोच शब्द त्यांच्या उच्चारात लिहा. पुस्तकी शब्दाने तो बदलू नका. लाकूड कोणते, कोणत्या महिन्यात तोडले, किती दिवस भिजवले, फट कशाने बुजवली, हे ज्ञान वयस्क ढिवरांकडे आहे आणि कागदावर फार थोडे आहे. या एका नोंदीला आम्ही बाकी सगळ्या सरावापेक्षा जास्त किंमत देतो.

फोटोंवरून त्रिमितीय नकाशा

ढगाळ सकाळ किंवा सूर्य वर येण्याआधीची वेळ निवडा, सावली सरकली की फोटोंची एकमेकांशी जोडणी बिघडते. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर ७० ते ८० टक्के चढला पाहिजे. समांतर ओळींत वरून, मग चारही बाजूंनी तिरके. मोजपट्ट्या किमान दोन, वेगवेगळ्या दिशांना. एकीवरून माप द्या, दुसरीवरून तपासा. फोटो जोडायला मेशरूम हे मोफत सॉफ्टवेअर चालते, मात्र त्याच्या पूर्ण कामाला एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड लागते. फोटोंमुळे टेपची मोजणी टळत नाही.

ओल्या लाकडाचा प्रयोग

पाण्यात शतकानुशतके राहिलेल्या लाकडात पेशींच्या भिंती झिजलेल्या असतात आणि आकार पाण्याने धरून ठेवलेला असतो. पाणी उडाले की भिंती आत कोसळतात. स्वीडनचे वासा जहाज १६२८ मध्ये बुडाले, १९६१ मध्ये वर काढले, आणि पाण्याची जागा पॉलिएथिलीन ग्लायकॉलने घ्यावी म्हणून त्यावर १७ वर्षे फवारणी करावी लागली.

हे हाताने समजून घ्यायला तळ्यात पडलेल्या अलीकडच्या, बिनमहत्त्वाच्या ओंडक्याचे दोन सारखे तुकडे कापा. प्रत्येकात आडव्या दिशेने बरोबर १० सेंटिमीटरवर दोन टाचण्या ठोका. एक तुकडा उन्हात ठेवा, दुसरा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात सावलीत. दोन आठवडे रोज टाचण्यांमधले अंतर लिहा. उन्हातला आकसतो आणि तडकतो. खरे जुने लाकूड यापेक्षा कितीतरी जास्त बिघडते. डब्यातले पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर शेवाळ आणि वास येतो. चिठ्ठी कागदाची नको, प्लास्टिकच्या पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने लिहा आणि तीवर क्रमांक, तारीख, जागा येऊ द्या.

हातपंख्याचा सरावही याच दिवसांत. हौदात चार बोटे काळी माती बसू द्या, तळाशी एक खापर पुरा आणि तळहाताने पाणी हलवत माती उडवा. जोरात हलवले की दोन सेकंदांत काहीच दिसत नाही. आपली काळी माती इतकी बारीक आहे की पाणी निवळायला तासन्‌तास लागतात. हलका, एकाच दिशेचा हात हवा.

पोहणे आणि डायव्हिंग

स्कुबाच्या सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली हवा असते. विहिरीत किंवा धरणात ती वापरायचा विचारही नको. विहिरीतून जखमी माणसाला सहज वर काढता येत नाही आणि धरणाच्या विमोचकापाशी, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारापाशी, पाण्याची ओढ माणसाला धरून ठेवते. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना लांब अंतराचा सराव नसतो, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या जलतरण तलावात न थांबता २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे पक्के करा. प्राथमिक ओपन वॉटर कोर्सला एवढे लागतेच. त्या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येते.

दमा, हृदयविकार, कानाच्या पडद्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. पूर्व विदर्भातल्या वाचकांनी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी नक्की करून घ्यावी. सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीतून वाहक की रुग्ण हे कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस लागते. सिकलसेलचा आजार असलेल्यांनी स्कुबा करू नये. वाहकांनी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्यावा. पाण्यात उतरता आले नाही तरी या क्षेत्रात रेखाटन, जतन, नौकामोजणी आणि नकाशे ही कामे पूर्ण दर्जाची आहेत.

महाराष्ट्रात तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा संस्था आहे. पर्यटकांची अर्ध्या तासाची डुबकी आणि काही दिवसांचा प्रमाणपत्राचा कोर्स यांत गोंधळ करू नका. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, नोव्हेंबर ते मार्च बरा. परतीचे तिकीट काढताना जपा: अनेक डुबक्यांनंतर विमानाआधी किमान १८ तास थांबतात, आणि आंबोलीसारखा सुमारे ६९० मीटर उंचीचा घाट चढणाऱ्या बसलाही तोच नियम लावा. शेवटच्या डुबकीच्याच रात्री घाट चढून विदर्भाकडे निघू नका. शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरतो.

पुढचे शिक्षण

इंग्लंडमधली नॉटिकल आर्किऑलॉजी सोसायटी घरबसल्या करता येणारे प्राथमिक कोर्स चालवते. युनेस्कोने २०१२ मध्ये आशिया-प्रशांत भागासाठी काढलेली प्रशिक्षण पुस्तिका मोफत उतरवता येते, मजकूर इंग्रजी आहे, पण मोजणीच्या आकृत्या सहज कळतात. पदवीसाठी नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग जवळचा, पुण्याचे डेक्कन कॉलेज त्यानंतर. दोना पावला, गोवा इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९८० च्या दशकात एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या शोधांपासून या कामात आहे, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पाण्याखालील शाखा २००१ मध्ये सुरू झाली. दोन्हीकडे आधी पुरातत्त्वाची पदवी विचारतात, डायव्हिंग नंतर.

अर्ज करताना प्रमाणपत्रांसोबत तलावातल्या सरावाचा एक नकाशा १:१०० प्रमाणात जोडा: उत्तर दिशा, मोजपट्टी, तारीख, मोजणाऱ्यांची नावे आणि प्रत्येक बिंदूची तिसऱ्या खुंटीच्या मोजणीने निघालेली चूक सेंटिमीटरमध्ये. डोंग्याचे आडवे छेद १:१० मध्ये वेगळ्या कागदावर द्या. मूळ पाट्यांचे फोटो क्रमाने ठेवा, खाडाखोड असलेल्याही.